तिसऱ्या नळीचं माप

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय कवळ्या आणि दातांच्या धातूच्या चौकटी बनवणे (गुडघ्यांच्या हुकमावरून सहा वर्षांपूर्वी बंद), अविवाहित, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी जागेवर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई आहे, पण ती माझी स्वतःची. वकील म्हणाले, एवढं लिहिलं तरी चालतं. मला चालत नाही, म्हणून सकाळी समोरच्या औषधवाल्यांना बोलावून रक्तदाब मोजून घेतला. तो चढलेला निघाला. का चढला ते सहाव्या कलमात येईल. याआधी मी हा कागद पाच वेळा लिहायला घेतला होता आणि पाचही वेळा त्याच कलमापाशी फाडून टाकला. तेव्हा यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र अस्तित्वात नाही, हे शपथेवर सांगते.

कलम एक. या कागदात माझी तीनच माणसं येतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. बंदुका दुरुस्त करायचा. आठ वर्षांपूर्वी वारला. वहिनी, त्याची बायको. आणि भाची, त्यांची एकुलती एक मुलगी, वय चौतीस, जिने बापाचं बंद पडलेलं दुकान चार वर्षांपूर्वी पुन्हा उघडलं. गल्लीत मला कवळीवाल्या बाई म्हणतात. दादा 'सुतभर' म्हणायचा. लहानपणी भिंतीवर तसबीर लावतानासुद्धा मी खालून "अजून सुतभर डावीकडे" असं ओरडायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं. ते मला आवडायचं, हेही इथेच लिहून टाकते.

कलम दोन. माझी अवजारं: मेण कापायच्या सुऱ्या, दोन्ही बर्नर, पायाने चालणारं घासायचं यंत्र, ओतकामाची भट्टी. हे सगळं पलीकडच्या रस्त्यावरच्या दातांच्या मोठ्या डॉक्टरांकडे चुकूनही जाऊ नये. त्यांनी एकदा माझी कवळी पेशंटच्या देखत टेबलावर आपटून "वाजते" असं म्हटलं होतं. आपटल्यावर कोणतीही कवळी वाजते. अवजारं त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या आणि भांडून बाहेर पडलेल्या मुलीला द्यावीत. कशावरून भांडली ते मला ठाऊक नाही, पण भांडली एवढं पुरे.

कलम तीन. खालच्या माझ्या कामाच्या खोलीतल्या निळ्या खणात लोकांनी न नेलेल्या अकरा (अक्षरी अकरा) कवळ्या आहेत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली आहे. एक निवृत्त मुख्याध्यापकांची आहे. ते माप द्यायला आले आणि न्यायच्या आधीच गेले. घरी विचारलं तर त्यांची सून म्हणाली, "आता काय उपयोग?" प्रश्न बरोबर होता, तरी मला राग आला. या कवळ्या कचऱ्यात टाकू नयेत, बागेत पुराव्यात. त्याच खणात मागच्या बाजूला एक पत्र्याची डबी आहे. ती पुरू नये. तिला कोणी हात लावायच्या आधी सहावं कलम पूर्ण वाचावं.

कलम चार. हे घर, खालची खोली, बँकेतली ठेव आणि कपाटातल्या वस्तू भाचीला. वहिनीला काहीही नाही. वहिनीने दादाला त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात, लोकांदेखत "तुमचे हातच कच्चे" असं म्हटलं होतं. ते मी कधी विसरले नाही. मी का विसरले नाही याचं खरं कारण वेगळं आहे, आणि तेही पुढे येतं.

कलम पाच. माझ्यामागे कोणी माझ्याविषयी चांगलं बोलायला उभं राहिलं, तर त्याने आधी हा कागद वाचलेला असावा.

कलम सहा. बंदूक.

ती वडिलांची. वडील जंगलखात्यात होते आणि देश सोडून जाणाऱ्या एका मळेवाल्याने जाताना ती त्यांना दिली. दुनळी लोकांनी पाहिलेली असते. ही तिनळी आहे: वर शेजारी शेजारी दोन गुळगुळीत नळ्या, छर्ऱ्यांच्या काडतुसांसाठी, आणि त्यांच्या खाली मधोमध एक बारीक नळी, आतून पिळाच्या खाचा असलेली, एकेका गोळीसाठी. बनावट जर्मन. वडील गेल्यावर ती वर्षानुवर्षं गोणपाटात पडून होती. दादाने ती बाहेर काढली तेव्हा बनवणाऱ्याचं नाव घासून गेलेलं होतं.

दादाने नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, खालची काजळी रॉकेलने पुसली आणि भिंग लावून तीन रविवार बसला. मी शेजारी बसायचे. आमच्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते ते. धातूत ठोकलेले छोटे मुकुट, प्रत्येकाखाली एक अक्षर. "हा यू बघ, सुतभर. म्हणजे सरकारी तपासणी झाली. हा जी, म्हणजे ही नळी पिळाची. हा डब्ल्यू, म्हणजे छर्ऱ्याच्या नळीचं तोंड आवळलेलं आहे." गोलात सोळा, म्हणजे वरच्या दोन्ही नळ्या सोळा बोअरच्या. कडेला कारागिराची आद्याक्षरं होती. ती, खटक्याची ठेवण आणि दस्त्यावरची नक्षी बघून दादा म्हणाला, सूल गावची असावी. तिकडे बंदुकांच्या कारागिरांचं एक गाव आहे म्हणे. 'असावी' हा शब्द दादाचा. तो खात्री नसताना 'आहे' कधी म्हणत नसे. मी म्हणायचे.

अडलं ते तिसऱ्या नळीपाशी. पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाची, लांबी सत्तावन्न मिलिमीटर, ती स्वच्छ वाचता येत होती. नळीच्या मापात (ते खाचा धरून नव्हे, खाचांमधल्या उंचवट्यांपुरतं) सात दशांश आणि पुढे एक आकडा, अर्धा गंजाने खाल्लेला: आठ किंवा नऊ. आणि सगळं त्या आकड्यावर होतं. त्या लांबीचं काडतूस दोन प्रकारचं येतं: आठ असेल तर जुनं, नऊ असेल तर नंतरचं. पुंगळी डोळ्यांना सारखीच दिसते, पण जुन्या काडतुसाची गोळी ८.०८ (आठ दशांश शून्य आठ) मिलिमीटर आणि नंतरच्याची ८.२२ (आठ दशांश दोन दोन). लहान गोळी मोठ्या नळीत गेली तर नेम चुकतो, बाकी काही नाही. मोठी गोळी लहान नळीत घातली तर ती कोंबली जाते, मागचा दाब वाढतो, आणि तो दाब जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येतो. तिथे माणसाचा चेहरा असतो.

दादाने आधी शिशाची मऊ गोळी नळीतून ठोकून पाहिली. ती गंजावर अडकून ओरबाडली गेली, माप घेण्याजोगी राहिली नाही. तेव्हा तो माझ्याकडे आला. "तू तोंडातल्या फटींची मापं घेतेस, या तोंडाचं घे." मी नळीच्या टोकाला मापाचा रबर भरला, घट्ट झाल्यावर पिळाबरोबर फिरवत फिरवत बाहेर काढला. सुंदर निघाला. चार खाचा, समोरासमोर. पण रबरावर मायक्रोमीटर टेकवला की तो दबतो. म्हणून त्या रबरावरून साचा करून मी त्यात टणक होणारी पावडर कालवून ओतली, पाण्याच्या वाटीत बुडवून घट्ट होऊ दिली, आणि दुसऱ्या दिवशी मोजली. आठ दशांश दोन दोन.

दादा म्हणाला, "नळीचा गंज काढतो आणि शिसंही पुन्हा एकदा घालून बघतो." यात गैर काही नव्हतं. कोणताही चांगला कारागीर हेच म्हणाला असता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "माझ्या मापावर भरवसा नसेल तर माझ्याकडे आलास कशाला?" आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बंदुकीच्या पेटीत स्वतःच्या अक्षरात कार्ड लावलं: 'तिसरी नळी ८.२२. मापणार: सुतभर.' शिसं घातलं नाही. माझा रुसवा काढायला त्याने ते घातलं नाही.

बंदूक मिटल्यावर नळ्या धरून ठेवणारा खटका झिजलेला होता, तो दादाने स्वतः घडवला. मोठ्या मापाची वीस काडतुसं मागवली. आम्ही गावाबाहेरच्या बंद खाणीत गेलो. वही माझ्या हातात होती. वरच्या दोन्ही नळ्या व्यवस्थित वाजल्या. तिसऱ्या वेळी आवाजच निराळा आला, कोरडा. बंदूक आपोआप उघडली आणि दादा खाली बसला. मला वाटलं, पाय घसरला. उजव्या डोळ्यावर हात होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. म्हणाला, "खटका गेला गं. माझा खटका गेला."

डोळा वाचला नाही. खटका मधोमध तडकलेला होता, तो सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांना उत्तर मिळालं. गिऱ्हाईक बंद झालं. ज्याने स्वतःचा डोळा घालवला त्याच्या हाती बंदूक कोण देणार? दादाने दुकानाला कुलूप लावलं आणि त्याबद्दल कुणापाशी ब्र काढला नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

आता जे मी कुणालाही सांगितलेलं नाही ते.

अपघातानंतर महिन्याभराने मी एका बाईंच्या दातांची धातूची चौकट करत होते. डबा उघडला, पावडर घेतली, पाण्याच्या वाटीत बुडवली आणि हात तिथेच थांबला. ती ओतकामाची पावडर. धातू थंड होताना आकसतो, म्हणून त्याच्या साच्याची पावडर मुद्दाम फुगणारी करतात, आणि पाण्यात घट्ट होऊ दिली की आणखी फुगते. धातूसाठी ते हवंच असतं. मापासाठी साधं पिवळं दगडी प्लास्टर घ्यायचं असतं, ते जागचं हलत नाही. दोन्ही डबे एकाच फळीवर. मी तीस वर्षांच्या सवयीने हाताला येईल तो घेतला होता. दादाचा रबर मी जपून ठेवला होता, कारण सुंदर निघाला होता. त्यावरून पिवळ्या प्लास्टरचा नवा ठसा केला. मोजला. आठ दशांश शून्य आठ. चार वेळा मोजला. खिडकीपाशी नेऊन मोजला. आठ दशांश शून्य आठ.

खटका चांगला होता. तेवढ्या दाबाला कुठलाही खटका तडकला असता. चूक माझी होती, आणि एकदा शिसं घालून ती पकडायची सोय होती, तीही मीच बंद केली होती.

मी त्याच संध्याकाळी दादाकडे गेले. सांगायलाच गेले होते. तो डोळ्यावर पट्टी बांधून बसला होता. माझं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "एक बरं आहे, सुतभर. चूक माझी स्वतःची निघाली. दुसऱ्या कुणाची असती ना, तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं." मी चहा घेतला आणि परत आले. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. आठवड्यातून दोनदा मी त्याच्याकडे जायचे. आमचं कधी भांडण झालं नाही. वहिनीवर मात्र मी राग धरला, कारण तिने जिन्यात जे म्हटलं ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. माझा राग तिच्या नावावर टाकून मी मोकळी झाले.

कलम सात. यापुढे काय.

भाची त्या अपघाताच्या वेळी पंधरा वर्षांची होती. बापाचे हात कच्चे, हे ऐकत ती मोठी झाली, आणि म्हणूनच तिने हा धंदा घेतला. फार चोख काम करते. दुकानावरच्या पाटीवर तिने बापाचं नाव लावलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक बिचकतं, आत्या." बंदुकीचा परवाना दादाच्या मागे माझ्या नावावर आला. ती बरीच वर्षं बंदूक मागत होती. गेल्या महिन्यात माझ्याकडच्या सबबी संपल्या आणि मी ती दुरुस्तीला दिली. नवा खटका बसवून तिने ती परत आणून दिली, आणि म्हणाली, "बाबांचा कच्चा होता. हा टिकेल. सतरा तारखेला, रविवारी, खाणीत जाऊन वाजवून बघू, तू पण चल."

काडतुसं तिच्या दुकानात आहेत: एकोणीस, अक्षरी एकोणीस. पेटीतलं कार्ड तिने वाचलेलं आहे आणि तिला ते पुसायचं काही कारण दिसलेलं नाही, कारण सुतभर चुकत नाही. बंदूक माझ्या कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. आठ दिवस मी कुणी दार वाजवलं तरी आधी गळ्याला हात लावते. आंघोळीलाही किल्ली काढत नाही.

म्हणून माझी आज्ञा, विनंती, जे काय कायद्यात बसत असेल ते: ती एकोणीस काडतुसं या बंदुकीत कोणीही, कधीही घालू नयेत. कार्ड फाडावं. नळीचं माप ८.०८, अक्षरी आठ दशांश शून्य आठ. पुरावा म्हणून पत्र्याच्या डबीत दादाचा रबर, फुगलेला ठसा आणि खरा ठसा, तिन्ही ठेवले आहेत. आणि दुकानाच्या पाटीवर दादाचं नाव लागावं.

इथवर मी वकिलांना तोंडी सांगत होते आणि ते लिहीत होते. इथे त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, मृत्युपत्र तुमच्या मागे उघडतात."

"मला माहीत आहे."

"रविवार त्याआधी आहे."

मी म्हटलं, मी किल्ली देणार नाही. ते म्हणाले, "आणि तुम्ही शनिवारी गेलात तर? तुमच्या गळ्यातली किल्ली पहिल्यांदा कुणाच्या हातात जाईल?" एकोणीस वर्षं मी या एका गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता असं मला वाटत होतं, आणि मी फक्त माझ्याच बाजूने केला होता. मी वकिलांना म्हटलं, फोन लावा तिला.

कलम आठ. हे तिच्यासमोर लिहिलं आहे.

भाची दुकानातूनच आली, हाताला तेल होतं. मी सहावं आणि सातवं कलम तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबावं लागलं, तेव्हा साक्षीसाठी थांबलेल्या औषधवाल्यांनी पाणी दिलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली. निळा खण उघडला, डबी काढली, पिशवीतून दादाचा मायक्रोमीटर काढला. फुगलेला ठसा मोजला. खरा मोजला. मग फिरवून पुन्हा मोजला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी म्हणाली, "खटका चांगला होता."

मी म्हटलं, "हो."

"बाबांना कुणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, "नाही सांगितलं. मी घाबरले." दुसरं काही खरं नव्हतं.

मग तिने वकिलांना विचारलं, साक्षीदार कोण आहेत. एक औषधवाले, दुसरा वकिलांचा कारकून, असं ते म्हणाले. "कारकून नको. दुसरी मी." वकिलांनी तिला समजावलं की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही मिळत नाही, घर नाही, ठेव नाही, बंदूकही नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तर मीच हवी. घर घेऊन मी म्हटलं की बाबांचा खटका चांगला होता, तर लोक म्हणणार, घर मिळालं म्हणून बोलते. काहीच न घेता म्हटलं तर त्यांना ऐकावं लागेल."

मी म्हटलं, असं कशाला, हा कागद फाडू आणि उद्या नीट नवा लिहू, साक्षीदार दुसरे बघू. तिने माझ्याकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"पुन्हा लिहायला घेतलंस तर पुन्हा घाबरशील, आत्या. आज सही कर."

म्हणून कलम चार मी याने रद्द करते. घर, खालची खोली आणि ठेव वहिनीला. तिने अकरा वर्षं दादाच्या डोळ्यात दिवसातून तीनदा औषध घातलं, आणि मला तिच्यावर रागावण्याचा अधिकार कधी नव्हता. बंदूक सरकारी खात्यात जमा करावी, कार्ड बदलून. किल्ली मी गळ्यातून काढून वकिलांच्या हातात दिली आहे. एकोणीस काडतुसं भाची आज दुकान बंद करायच्या आधी जमा करील, असं तिने सांगितलं. मला माफ केलं का, असं मी तिला विचारलेलं नाही आणि या कागदात ते येणार नाही.

वरचा मजकूर मी सांगितला, वकिलांनी लिहिला, मला वाचून दाखवला. यातला एकही शब्द मला बदलायचा नाही. सही माझीच आहे.

स्थळ: माझी कामाची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: अकरा नोव्हेंबर, सोमवार, दुपारी पावणेचार.

(सही) लिहून ठेवणार: कवळीवाल्या बाई

साक्षीदार पहिले: (सही) समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. बाई पूर्ण शुद्धीत होत्या. सहीनंतर रक्तदाब पुन्हा मोजला, उतरलेला आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून ठेवणारीची भाची, बंदुका दुरुस्त करते. मजकूर वाचला. दोन्ही ठसे स्वतः मोजले. खरं माप आठ दशांश शून्य आठ. माझ्या वडिलांचं काम बरोबर होतं.